दोन वेळा अर्धा लिटर

थोरला आणि धाकटा या दोघा भावांचं बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. गच्चीवरची पाण्याची टाकी कुठल्या कोपऱ्यात बसवायची, यावरून बिनसलं होतं. टाकी शेवटी प्लंबरने त्याला सोयीची वाटली तिथे बसवली; पण तोवर दोघांनी एकमेकांना मनात होतं नव्हतं ते सगळं ऐकवलं होतं.

मोटरसायकल मात्र एकच होती, वडिलांच्या मागे राहिलेली. थोरला इस्पितळात रक्त काढून तपासायचा, तो ती सकाळी न्यायचा. दोनला तो परतला की धाकटा तीच घेऊन छापखान्यात दुपारपाळीला जायचा. मागच्या चाकात हवा कमी आहे, ब्रेक सैल झालाय, असले निरोप आईमार्फत जायचे. धाकटा समोर जेवत बसलेला असला तरी थोरला आईलाच सांगायचा, आणि आई तो निरोप शब्द न गाळता पुन्हा धाकट्याला सांगायची.

त्या आठवड्यात आई मावशीकडे गेली होती.

सोमवारी थोरल्याने इंजिनचं तेल बघितलं. मधला स्टँड कधीच तुटला होता, त्यामुळे गाडी साइड स्टँडवर कललेली होती. तेल मोजायची कांडी जवळजवळ कोरडी निघाली. त्याने अर्धा लिटर तेल ओतलं आणि हात धुतले. मंगळवारी रात्री पाळीवरून आल्यावर धाकट्याने बघितलं. गाडी तशीच कललेली, तेल कांडीवरच्या खालच्या रेघेलाही पोचलेलं नाही. थोरल्याला गाडीची काही पडलेली नाही, असं मनाशी म्हणत त्यानेही अर्धा लिटर ओतलं.

बुधवारी सकाळी गाडीने इतका पांढरा धूर सोडला, की इस्पितळाचा पहारेकरी वाळूची बादली घेऊन आला. हजेरी लावून थोरल्याने गाडी समोरच्या मेकॅनिककडे ढकलत नेली. मेकॅनिकने ती त्याला सरळ धरायला लावली, झाकण उघडून आत बघितलं आणि किती टाकलं ते विचारलं. थोरल्याने अर्धा लिटर सांगितलं.

"आणि बाकीचं?"

मेकॅनिकने एअर फिल्टर बाहेर काढला. तो तेलाने निथळत होता. नवा बसवून त्याने सांगितलं, की जास्तीचं तेल मोठ्या सिरिंजने घरीच ओढून काढता येईल, तोवर गाडी सुरू करू नका. कललेल्या गाडीत कांडी खोटं बोलते. एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने बघायचं.

"घरी कुणी आहे ना?"

"भाऊ आहे," थोरला म्हणाला.

दुपारी तो गाडी ढकलत घरी पोचला तेव्हा धाकटा हेल्मेट घालून दारात उभा होता. थोरला पेट्रोलच्या टाकीकडे बघत म्हणाला, "तेल जास्त झालंय. मी अर्धा लिटर टाकलं होतं."

धाकट्याने हेल्मेटची काच वर केली. "मीपण," तो म्हणाला.

मग त्याने गाडी सरळ धरली. थोरल्याने खिशातून इस्पितळातली मोठी सिरिंज आणि नळी काढली आणि तो खाली बसून तेल बाटलीत ओढायला लागला. हे काम त्याच्या हातात बसलेलंच होतं. दर चार सिरिंजांनंतर तो कांडी पुसून बघायचा.

"किती?"

"अजून वर आहे. हलवू नकोस."

"मी हलवत नाहीये."

"हलतेय."

सोळाव्या सिरिंजनंतर तेल दोन रेघांच्या मधोमध आलं. थोरल्याने कांडी धाकट्याला दाखवली, धाकट्याने मान डोलावली. हेल्मेट त्याच्या डोक्यावर तसंच होतं.

सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून जाईपर्यंत गाडी आणखी दोन दिवस थोडी धुरकट चालली. शुक्रवारी सकाळी धाकटा आपण होऊन मागे बसला. छापखान्यात लवकर बोलावलंय म्हणाला. वाटेत तो काहीतरी सांगायला लागला. थोरल्याने वाऱ्यात ऐकू येत नाही, उतरल्यावर सांग, असं सांगितलं.

इस्पितळाच्या फाटकापाशी धाकट्याने सांगितलं. दुपारपाळी बंद होणार होती आणि कामावरून कमी करायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव होतं. हे त्याला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. थोरल्याने गाडी बंद केली आणि तिथेच उभा राहून सगळं ऐकून घेतलं. आत हजेरीवर त्याला उशिराचा शेरा बसला, नोकरीतला पहिलाच.