गुरुवारची साफसफाई

अक्षरं पुन्हा बारीक झाली होती. बारीक, करडी आणि मरतुकडी. शफीक पेंटरांनी चष्मा पुसून पाहिला, कॉम्प्युटरचा पडदा पुसून पाहिला, खुर्ची मागं सरकवून पाहिली; अक्षरं काही वाढेनात.

"मी केली होती ना मोठी?" त्यांनी टेबलापलीकडे बसलेल्या महादेवरावांना विचारलं.

महादेवराव संस्थेचे सचिव. अर्जांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता ते म्हणाले, "केली असन. मले काय समजते त्यातलं?"

हे चौथ्यांदा होत होतं. शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या अमरावतीतल्या त्या छोट्या संस्थेची वेबसाइट तशी साधी. कापूस-सोयाबीनचे भाव, कुठल्या कागदासाठी कुठल्या कचेरीत जायचं याची माहिती, आणि सगळ्यांत वर मदतीसाठीचा फोन नंबर. बोंडअळीनं कापूस खाल्ल्याचं वर्ष होतं. गावोगावचे लोक भर उन्हात, काच तडकलेल्या मोबाइलवर ती उघडायचे, आणि त्यातल्या काहींचा आवाज फोनवर ऐकवत नसे. अशा माणसाला नंबर शोधत बसायला लागू नये, असं शफीकभाईंचं ठाम मत होतं. तीस वर्षं निम्म्या अमरावतीच्या पाट्या रंगवलेल्या माणसाचं अक्षराबद्दलचं मत ऐकायला काहीच हरकत नव्हती. फ्लेक्स आले आणि ब्रश बसले, तेव्हा पन्नाशीत ते हट्टानं कॉम्प्युटर शिकले आणि इथं चिकटले. थीमची, म्हणजे साइटच्या तयार साच्याची, रंगरूपाची फाइल उघडायची, आकडे बदलायचे, सेव्ह करायचं, एवढं त्यांना नीट जमत होतं. नंबर त्यांनी ठसठशीत केला होता, आणि थोडे दिवस गेले की तो आपोआप होता तसा व्हायचा.

पण आपोआप कसा होईल? ऑफिसात भूत नव्हतं, आणि महादेवरावांना तर माऊससुद्धा धरता येत नव्हता. मग उरलं कोण? शफीकभाई स्वतःच. त्यांची अम्मी, कुलसुमबी, शेवटची चार वर्षं अशीच गेली. सालनात दोनदा मीठ घालायची आणि घातलंच नाही म्हणून भांडायची. पुढं पुढं तर तिनं पोटच्या पोरालाही ओळखलं नाही. आपलंही तेच सुरू झालं का? आपण काही करतच नाही, नुसतं केल्यासारखं वाटतं? खात्री करायला त्यांनी वहीत लिहून ठेवलं: सोमवार, नंबर मोठा केला. पुढच्या सोमवारी नंबर बारीक. वही म्हणे केला, पडदा म्हणे नाही केला. आणि वहीत तरी लिहिणारे तेच होते की! विचार करकरून त्यांचं डोकं भणाणून गेलं.

एकदा जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला, महेजबीनला, सांगून टाकलं. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि उठून आत गेली. नोकरी सोडायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण महादेवरावांना तसं सांगण्याआधी एकदा अकोल्याला जाऊन यायचं त्यांनी ठरवलं. साइट बनवून देणारी रागिणी तिथं घरूनच काम करायची.

रागिणीनं सगळं ऐकून घेतलं. तिच्याकडे साइटची एक जुनी नक्कल होती, ती तिनं उघडली आणि आठवडाभर जे जे करता ते माझ्यासमोर करा म्हणाली. शफीकभाईंनी सोमवारचं काम केलं. अक्षरं मोठी झाली. मग भाव भरले. मग गुरुवारच्या कामाची पाळी आली.

"बेस्तवारी मी साफसफाई करतो," ते म्हणाले.

पेंटरकीतली सवय होती ती. शुक्रवारी जुम्मा, म्हणून गुरुवारीच ब्रश धुवायचे, डबे पुसायचे, मगच दुकान बंद करायचं. कॉम्प्युटरवर धुवायला ब्रश नव्हते, पण कोपऱ्यात लाल आकडे दिसायचे आणि ते राहिले की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी आकड्यावर टिचकी मारली, अपडेटचं बटण दाबलं. आकडा गेला. रागिणीनं पान पुन्हा उघडलं. अक्षरं बारीक.

शफीकभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काका, हे तुमीच पुसून राहिले," रागिणी म्हणाली. "अपडेट केलं का थीमच्या नव्या फायली येतात अन् जुन्याच्या जागी बसतात. तुमचं लिहिलेलं जुनीतच होतं."

"म्हंजे, मी केलं होतं?"

"चारही बार केलं होतं."

"पाह्य पोरी, मले बरं वाटावं म्हणून बोलू नको."

मग तिनं त्यांच्याकडूनच सगळं करून घेतलं. एक वेगळं फोल्डर, त्यात रंगरूपाची कोरी फाइल, तिच्या डोक्यावर मूळ थीमचं नाव. सोबत दुसरी छोटी फाइल, आधी मूळचं रूप घे आणि त्यावर हे चढव असं सांगणारी. याला चाइल्ड थीम म्हणतात, आता हीच चालू ठेवायची, तुमचं सगळं हिच्यातच लिहायचं आणि मूळच्या फायलीला हात लावायचा नाही, असं तिनं समजावलं. अपडेट मात्र करत राहा म्हणाली, ते गरजेचंच असतं. मग तिनं मुद्दाम मूळ थीमची जुनी आवृत्ती परत चढवली. लाल आकडा आला. शफीकभाईंनी श्वास रोखून बटण दाबलं.

अक्षरं जागच्या जागी होती.

त्यांनी ते तिच्याकडून आणखी दोनदा करवून घेतलं. डोकं शाबूत आहे, अगदी शाबूत आहे, या आनंदात ते बिनसाखरेचा चहा पिऊन मोकळे झाले. मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत बसमध्ये एकटेच हसत होते.

पुढच्या थांब्यावर तिकीट तपासनीस चढला. शफीकभाईंनी शर्टाच्या आतल्या खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. तपासनीसानं तो वाचला, त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच परत केला. ते तिकीट नव्हतं. महेजबीनच्या अक्षरात, शाळेतल्या मराठीत लिहिलेली चिठ्ठी होती: यांचं नाव शफीक. हे रस्ता विसरले तर मेहेरबानी करून या नंबरवर फोन करा.

"बाबा, बसा आरामात," तपासनीस म्हणाला आणि वळून कंडक्टरला बजावलं, "यायले अमरावतीले हात धरून उतरवजो."

शफीकभाईंना सगळं सांगता आलं असतं. ते नुसतं हो म्हणाले. मग चिठ्ठी तिच्याच घड्यांवर पुन्हा दुमडून त्यांनी खिशात ठेवली, आपण ती पाहिली हे महेजबीनला कळू नये म्हणून.