माकची आंबट लाक्सा

"माक, अख्खं मुआर गाव लाक्साच्या शेवया हातानं कालवून खातं. तू एकटीच चमचा घेऊन का बसतेस?"

विचारलं एकदाचं. पैज माझ्या मैत्रिणींची, इर्दिना आणि शाझविनाची. दोघी शाळेच्या कॅन्टीनच्या खांबामागे फिदीफिदी हसत होत्या. माझी आई, म्हणजे माक, तिथेच स्वयंपाक करते. त्यांना वाटलं, मी लाजून गप्प बसेन. गेल्या वर्षीची मी बसलेही असते. आताची नाही.

माक काकडी चिरता चिरता म्हणाली, "सवय गं. माझ्या माहेरची, केडाहची लाक्सा पातळ. बोटांतून पळून जाईल."

"मग तू ती करत का नाहीस?"

"केली होती की. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला. माशाचा रस्सा, आंबट फळाच्या वाळवलेल्या फोडी घालून. पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि वाडगे सरकवले. तुझी आजी म्हणाली, 'सूनबाई, नारळ घालायला विसरलीस.'" तिनं सुरी पुसली. "विसरले नव्हते मी."

"पातेल्याचं काय झालं?"

"कोंबड्यांनी संपवलं. त्यांनी नाही नावं ठेवली. पळ, घंटा झाली."

खांबामागचं हसणं थांबलं होतं. शाझविना हळूच म्हणाली, "पैज जिंकलीस. पण म्हणजे माकचिकनं, तुझ्या आईनं, तेव्हापासून ती खाल्लीच नाही?"

रात्री जेवताना अबा, माझे वडील, खुशीत होते. रमजान तोंडावर आला होता. "यंदा ईदला सगळे आपल्याकडेच येणार. रोहा, तुझी लाक्सा झालीच पाहिजे. शेवयांच्या जागी घालायची स्पॅगेटी मी आणतो. नारळ घालताना हात सैल सोड."

"बरं," माक म्हणाली. ती नेहमी एवढंच म्हणते, आणि मला इतकी वर्षं वाटायचं की तिला तेच हवं असतं.

"अबा, ही तर तुमची लाक्सा. तिची कुठंय?"

अबांनी घास खाली ठेवला. "अगं, आंबट असते ती. कुणी खात नाही इथे. सगळ्यांसमोर परत तिलाच वाईट वाटेल."

'परत' म्हणाले. म्हणजे ती पहिली ईद त्यांच्या लक्षात होती.

माक ताटाकडे बघत म्हणाली, "जाऊ दे ना. उगाच उरतं मग."

मी हात धुतले आणि दोघांच्या समोर येऊन उभी राहिले.

"ईदला दोन पातेली चढतील. दुसरं मी करणार, माक सांगेल तसं, नारळ न घालता. पाहुण्यांना मीच वाढेन आणि सांगेन, ही माझ्या आईच्या गावची आहे. उरली तर उरली. दुसऱ्या दिवशी मी आणि माक खाऊ."