नवसागराचा सांधा

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. दुकानातली नव्हे, घरी जोडलेली. लांबी जेमतेम दीड हात. माझे एक टोक रेडिओच्या पाठीत जाई, दुसरे टेपरेकॉर्डरच्या कुशीत. रेडिओ जे गाई ते उचलून फितीपर्यंत न्यायचे, एवढेच माझे काम. आता तेही नाही.

घोडेगावपासून दोन कोसांवरच्या मिशनच्या शाळेत फिलिप मास्तर शिकवतात. एक पाद्रीसाहेब मायदेशी जाताना आपला मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर त्यांना देऊन गेले. त्याचा माईक मोडलेला होता आणि आवाज येतो की नाही हे दाखवणारा हिरवा दिवाही गेलेला. म्हणून मास्तरांनी मला घडवले. मोडक्या लाऊडस्पीकरची तार घेतली. सायकलच्या आरीचा तुकडा बॉलपेनच्या नळीत बसवून माझे एक टोक केले. नगरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते पाहिले, हसला, आणि राळेची पुडी देत म्हणाला, "तारेला डाग देताना हीच वापरा, मास्तर. नवसागर लावू नका. तो तांबं आतून खातो."

दीड वर्ष मी भजने वाहिली, बातम्या वाहिल्या. मग एकदा घाईत कुणीतरी मला टोकाला न धरता मधेच धरून ओढले आणि माझा सांधा निखळला. राळ संपली होती. मास्तर मला खिशात घालून घोडेगावच्या बाजारात रंगनाथ कल्हईवाल्याकडे गेले.

"भांडं कुठंय, मास्तर? निस्ती शेपटीच घिऊन आलात व्हय?"

"एवढा सांधा करून दे. पण राळ न्हाई माझ्याकडं."

"राळ कशाला? नवसागर हाय की. बैल बांधला तरी सुटायचा न्हाई."

मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "बरं, दे. पुढं नगरला गेलो की राळ आणून परत जोडीन."

सांधा असा चकाकला की मीच स्वतःवर भाळले. मास्तर नगरला तीनदा गेले. मी चालतच होते, त्यामुळे राळ दर वेळी राहून गेली. मला टांगायची खुंटी होती पाण्याच्या रांजणावर. त्या गारव्यात नवसागर हळूहळू मला कुरतडू लागला. मला ते कळत होते. सांगणार कुणाला?

ते दुष्काळाचे साल. मास्तरांची आई झुंबरबाई खडी फोडायला जात. हातोडी चाले तशी त्यांची ओवी चाले.

पानी गेलं खोल बाई, दोर काई पुरंना
लेक दिली दूर बाई, हाक काई पोचंना

लेक म्हणजे दीना, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चांद्याकडे दवाखान्यात नर्स. पहिलटकरीण होती आणि बाळंतपणाला इकडेच यायची होती. शाळेतल्या एका बाईंनी या ओव्यांबद्दल पत्र लिहिले आणि पुण्याच्या रेडिओने झुंबरबाईंना ओव्या गायला बोलावले. त्या गाऊन आल्या. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यात गाठ सांगितली. कापायची, आणि मग बोलणे बंद.

झुंबरबाई सुनेला, एलिझाबेथला, म्हणाल्या, "ग्येलं बोलनं तर जाऊ दे. तुझ्याशी भांडायला हात हाईत की."

"हाताला न्हाई भीत मी, आत्या. जिभेलाच भीत हुते."

दोघी हसल्या. मग झुंबरबाई मास्तरांना म्हणाल्या, "त्या टेपच्या पट्टीत धरून ठिव मला. दीनाच्या लेकराला ऐकीव, म्हंजी झालं."

रेडिओवर ओव्या लागायच्या दिवशी त्या नुकत्याच गाठ कापून दवाखान्यातून आल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, बोलणे बंद. घर भरले होते. मास्तर दर वेळी आधी थोडे भरून, ऐकून बघत. त्या दिवशी चकतीला हात घातला तेवढ्यात शेजारचे पुंजाराम म्हणाले, "आरं लागलं बग, लागलं." मास्तरांनी बटण दाबले.

रेडिओ गाऊ लागला. झुंबरबाई स्वतःचा आवाज ऐकत होत्या आणि ओठांवर पदर धरून हसत होत्या. चकत्या फिरत होत्या. सगळ्यांना वाटले, भरते आहे. मित्रांनो, सूर माझ्यापर्यंत येत होता. माझ्या त्या चकाकत्या सांध्यापाशी येऊन थांबत होता. मी जीव ओतला. पण आत तांबेच उरले नव्हते.

मग मास्तरांनी फीत मागे फिरवून लावली. नुसती घरघर.

"आवाज वाढवा की," एलिझाबेथ म्हणाली.

"वाढवलाय."

त्यांनी मला हातात घेऊन वाकवले. सांधा बोटांत सुटला, आत हिरवी पूड. "वरनं चकाकत हुतं," एवढेच ते म्हणाले. झुंबरबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मास्तर पुण्याला रेडिओवरही जाऊन आले. पण तिथे ओव्यांच्या फितीवर दुसरा कार्यक्रम चढला होता.

दीना आली. फितीत काहीच भरले नाही, हे तिला पत्रातून कळवायचा कुणाला धीर झाला नव्हता. "लाव ना, दादा," ती म्हणाली. मास्तरांनी फीत लावली. ती घरघर ऐकत वाट बघत बसली, आता येईल, आता येईल म्हणून. शेवटी झुंबरबाईंनीच उठून बटण बंद केले.

मित्रांनो, मला कुणी फेकले नाही. फेकले असते तर बरे झाले असते. तुमच्या घरात कसलाही सांधा असो, वायरीचा की माणसांचा, चालतो आहे म्हणून त्याला उद्यावर टाकू नका. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते हाती लागले का, हे तिथल्या तिथे बघून घ्या.

दीनाला मुलगी झाली. रजा संपल्यावर दीना तिला आजीपाशी ठेवून कामावर परत गेली. आजी तिला मांडीवर घेऊन डोलते, ओठ हलवते. पोर आता दोन वर्षांची आहे, खूप बोलते. पण चिंधीची बाहुली निजवताना ती एकदम गप्प होते. डोलते, आणि नुसते ओठ हलवते. तिला वाटते, ओवी अशीच गातात.