बिनसाखरेची बर्फी

आमच्या दुकानातली मिठाई काचेच्या कपाटात जाण्याआधी मागच्या दारात जायची. तिथे साहेब बसलेले असत. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि माझ्या सासऱ्यांच्या मते अख्ख्या घराण्यात खरी जीभ असलेला एकटाच. कढई उतरली की पहिला तुकडा त्याच्यापुढे. साहेबांनी खाल्लं तर माल पुढे जायचा. त्यांनी मान फिरवली, तर कुणाच्या बापानं सांगितलं तरी बाबा तो माल विकत नसत.

मी रसायनशास्त्र शिकले आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लग्न होऊन या घरात आले तेव्हाच सांगितलं होतं की कुत्र्याला हे बरं नाही. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जायफळ त्याला सोसत नाही, आणि तूप, खवा, साखर रोज खाल्ली तर स्वादुपिंड सुजतं. बरंच कुरकुरून बाबांनी लाडू आणि श्रीखंड साहेबांपुढून काढून घेतलं. पेढा-बर्फीवर मात्र ते अडून बसले.

"सूनबाई, पुस्तकातला कुत्रा वेगळा आणि आपला वेगळा. हा खव्यावर वाढलाय."

"ते दिसतंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "दोघांचंही."

एका सुट्टीच्या दुपारी मी चहा घेऊन खाली आले. आमचं घर दुकानाच्या वरच आहे आणि भट्टी मागच्या खोलीत. मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकांसाठी बिनसाखरेची बर्फी करायचं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. त्यासाठी साखरेऐवजी घालायची पांढरी पूड आणून तो माल पोचवायला बाहेर गेला होता. पूड पिशवीतून स्टीलच्या डब्यात गेली होती. आमच्या भट्टीत कुठल्याच डब्यावर नाव नसतं. बाबा म्हणतात, ज्याला डबे ओळखता येत नाहीत त्यानं कढईला हात लावू नये.

"या बर्फीनं आज माझा घाम काढला," बाबा कपाळ पुसत म्हणाले. "तीनदा केली. दरवेळी तोंडात गार लागते. वेलची वाढवली, दूध आणखी आटवलं, तरी तेच."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"त्यांना तीनही वेळा पसंत. पहिल्यांदा एक खाल्ली, मग मागून मागून घेतली. आता पडलेत सुस्त."

मी मागच्या दाराकडे पाहिलं. साहेब पडलेले नव्हते, उठायचा प्रयत्न करत होते. पुढचे पाय उभे राहिले, मागचे दोन बाजूंना घसरले. पुन्हा उठले, पुन्हा घसरले. दाराशी उलटी झालेली होती.

मी बर्फीचा कण जिभेवर ठेवला. गारवा होता, पण पुदिन्याचा वास नव्हता. साखरेच्या जागी वापरतात त्या पुडींपैकी दोन अशा गार लागतात, हे मला माहीत होतं. त्यातली एक कुत्र्याला फारसं काही करत नाही. दुसरी झायलिटॉल. माणसाला ती निरुपद्रवी असते. कुत्र्याचं शरीर मात्र तिला साखर समजतं, भसाभस इन्सुलिन सोडतं आणि रक्तात असलेली खरी साखर संपवून टाकतं. डब्यावर नाव नव्हतं, पण ते मागचे पाय पुरेसे होते.

"बाबा, पाक आहे का?"

"पाक कशाला?"

"साहेबांना द्यायचाय. आत्ता. साखरेचा."

"इतकी वर्षं गोड देऊ नका म्हणून डोकं खाल्लंस, आणि आता पाक?"

"त्याच्या रक्तातली साखर संपतेय. ती परत गेली नाही तर तो जाईल."

बाबांनी एका पातेल्यात हात घातला, मी पुढे झाले तर म्हणाले, "हा नको, हा खालून लागलाय," आणि दुसऱ्या पातेल्यातला पाक वाटीत घेतला. कोमट पाणी घालून बोटांत ताणून पाहिला आणि सैल केला. जीव जायची वेळ आली तरी साहेबांना जळका पाक देणं त्यांना जमलं नसतं.

मालाची गाडी नवऱ्याकडे होती. सासूबाई रस्त्यावर धावल्या आणि समोरच्या लाँड्रीवाल्याला घेऊनच आल्या.

"काकू, गाडीत हॉटेलच्या चादरी आहेत. इस्त्री झालेल्या," तो काकुळतीनं म्हणाला.

"मग परत धू. धंदाच आहे ना तुझा?"

आम्ही साहेबांना त्या चादरींवर ठेवलं. सासूबाई दुकानाशी थांबल्या. गाडीत बाबांनी वाटी साहेबांच्या तोंडाशी नेली, तसा मी त्यांचा हात धरला.

"ओतू नका. गिळता येत नाहीये त्याला, श्वासनलिकेत जाईल. बोटानं हिरड्यांना चोळा. थोडं थोडं."

बाबांनी बोट बुडवलं आणि चोळू लागले. मी नवऱ्याला फोन लावला. "ती पूड कसली आणलीस? नाव सांग."

"झाय... झायलिटॉल. उत्तम आहे म्हणाला दुकानदार. का गं?"

"जनावरांच्या दवाखान्यात ये," म्हणून मी फोन ठेवला.

वळणावर साहेबांचं अंग ताठ झालं. पाय झटक्यांनी हलू लागले, डोळे उघडे होते पण बघत नव्हते. बाबांचं बोट थबकलं.

"गेला का गं?"

"नाही. झटका आहे. तोंडातून बोट काढा, चावेल. डोकं तेवढं सांभाळा."

त्यांनी डोकं मांडीवर धरून ठेवलं. लाँड्रीवाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि मग चादरींचं नावही न घेता गाडी अशी हाणली की वाटीतला पाक माझ्या कोपरापर्यंत आला. झटका ओसरला. बाबांनी न सांगता पुन्हा बोट बुडवलं. ते चोळत राहिले, पुटपुटत राहिले, "घ्या साहेब, घ्या, चांगला झालाय." दवाखान्याच्या फाटकात गाडी वळली तेव्हा साहेबांची जीभ किंचित बाहेर आली आणि बाबांच्या बोटाला लागली.

"चाटलं," बाबा म्हणाले. "सूनबाई, चाटलं त्यानं."

जनावरांच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. मी पुडीचं नाव, अंदाजे किती पोटात गेलं आणि झटका, एवढं सांगितलं. तोवर त्यांनी कानातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्राला लावला होता. साखरेचा आकडा पाहताच त्यांनी पायात सुई घातली आणि ग्लुकोज सोडलं.

"तोंडाला चिकट काय आहे हे?"

"पाक," बाबा अपराध्यासारखे म्हणाले.

"त्या पाकावरच तो इथवर आलाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसले.

नवरा येऊन पोचला तोवर आकडा वर चढला होता. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. हीच पूड यकृतावरही घाला घालते आणि ते एक-दोन दिवसांनी कळतं. साहेबांना तिथेच ठेवलं आणि बाबाही तिथेच राहिले. बाकावर बसून डॉक्टरबाई दिसल्या की एकेक प्रश्न टाकायचे.

"बिनसाखरेचं काहीच नाही ना द्यायचं?"

"काहीच नाही."

"आणि साखरेचं? पेढा?"

"चुकून एक खाल्ला तर सहसा काही होणार नाही. रोज दिलात तर पुन्हा इथेच बसाल."

"मग आमचा माल तपासायचा कुणी?"

"तुम्हाला जीभ नाही?"

बाबांनी यावर खरोखर विचार केला. "आहे. पण तिच्यावर कुणाचा विश्वास नाही."

तिसऱ्या सकाळी डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला आणि प्रथमच हसल्या. यकृत शाबूत होतं. दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. पायाला पट्टी, अंगानं थोडे उतरलेले, पण चारही पाय जागच्या जागी. बसलेल्या लोकांनी मांजरं आणि पिंजरे जवळ ओढले. साहेबांनी कुणाकडे पाहिलंही नाही.

"काय झालं होतं हो याला?" पोपटवाल्या बाईंनी विचारलं.

"यम आला होता न्यायला," बाबा छाती काढून म्हणाले. "सूनबाईनं पाक चाटवला, तसा परत गेला."

लाँड्रीवाला गाडी घेऊन उभा होता. मागे नव्या चादरी होत्या आणि एक जुनी, खास साहेबांसाठी अंथरलेली. साहेबांनी गाडी हुंगली, आणि एकदम असा हिसका दिला की पट्टा धरलेले बाबाही ओढले गेले. समोरच्या रस्त्यावरून एक मांजर चाललं होतं. ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं ते माझे सासरे, पोट सावरत, भर रस्त्यात कुत्र्यामागे धावत सुटले.

"बाबा, सोडा पट्टा," मी ओरडले.

"सोडतो कसला," ते न थांबता म्हणाले. "पळू दे त्याला. पळू दे."

त्यांची एक चप्पल मागे पडली होती. मी ती उचलली आणि त्यांच्या मागे पळत सुटले.