शब्द पुन्हा द्या

काकांच्या बैठकीच्या खोलीत बावीस माणसं एका संगणकापुढे हात जोडून बसली होती. मी आत शिरताच शेजारच्या आजोबांनी मला दटावलं.

"हळू! ते येतायत."

"कोण?"

"तुझे काका."

काका जाऊन दोन महिने झाले होते. हयातीत ते कधी सांगितल्या वेळेला आले नव्हते.

पुढे गादीवर बुवा बसले होते. अकरा दिवस ते काकांच्याच खोलीत मुक्कामाला होते आणि रोज काकांना बोलावत होते. पैशाला हात लावत नसत, त्यामुळे त्यांच्यावर कोणी संशय घेत नसे.

"घसा बसलाय," ते काकूंना म्हणाले. "दूध कोमट करून आणा, तोवर बोलावतो." काकू स्वयंपाकघरात गेल्या. बुवांनी डोळे मिटले. "या मालक, या! तारेविना या, दाराविना या!"

पडद्यावर काकांच्या आवडीचा पक्ष्यांचा व्हिडिओ चालू होता. बगळा एक पाय उचलून तसाच थिजला आणि चौकट उमटली: 'संपर्क तुटला. परवलीचा शब्द पुन्हा द्या.'

खोली शहारली. काकांनी संगणक हट्टाने मराठीत करून घेतला होता. तो इंग्रजीत असता तर बुवांचं दुकान पहिल्याच दिवशी बसलं असतं.

"शब्द मागतायत!" बुवा गरजले. "कोणी दिलेला शब्द मोडला?"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. ताई म्हणजे काकांची एकुलती मुलगी. शेवटच्या आठवड्यात काका तिला म्हणाले होते, "आईला सोडून जाऊ नकोस." मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून ती "नाही जात" म्हणून गेली. नंतर तिला दूरच्या शहरात, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सहा वर्षं अर्ज केल्यावर. उद्या दुपारपर्यंत रुजू व्हायचं होतं, आणि मी तिला गाडीत बसवून द्यायला आलो होतो.

"दे पोरी, शब्द दे!"

"मी जाणार नाही," ताई खाली बघत म्हणाली आणि तिने परवलीचा शब्द टाइप केला. तेवढ्यात काकू दूध घेऊन आल्या. 'संपर्क जोडला.' बगळ्याने पाय खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवा दूध प्यायले.

या बुवांना मी ओळखत होतो. आमच्याच इंटरनेट कंपनीत ते फोनवर तक्रारी घ्यायचे. तेव्हा त्यांना एकच मंत्र येत होता: बंद करून पुन्हा चालू करा.

"वायफायची डबी कुठंय?" मी विचारलं.

"मायक्रोवेव्हवर," आजोबा म्हणाले. "बुवांनी ठेवायला लावली. आत्म्याला थंडी वाजते."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा कप ओव्हनमध्ये ठेवला. "बुवा, आता डोळे उघडे ठेवा. तोंड मात्र बंद." बटण दाबून मी दारात आलो. बगळा थिजला. चौकट आली.

"ताई, आता म्हण, मी जाणार."

"अरे, पण..."

"म्हण तर."

"मी जाणार." ओव्हन टिंग करून थांबला. तिने तोच परवलीचा शब्द टाकला. 'संपर्क जोडला.'

"काका लवकर राजी झाले," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

मग मी डबी उचलून झोपायच्या खोलीत नेली, तिथे सुरू केली आणि ओव्हन पुन्हा लावला. बगळा मजेत चालत राहिला.

"दूध तापवणाऱ्या लहरी आणि वायफायच्या लहरी जवळपास एकाच जातीच्या," मी सांगितलं. "ओव्हनमधून थोड्या निसटतात आणि शेजारच्या डबीचा आवाज त्यांत बुडतो. संपर्क तुटतो. संगणक पुन्हा जोडायला बघतो, पण उत्तर नीट येत नाही. शब्द चुकला की ऐकूच गेला नाही, हे त्याला कळत नाही. मग तो आपला शब्दावरच संशय घेतो आणि पुन्हा विचारतो. शब्द बरोबरच असतो."

"म्हणजे काका ओव्हनमध्ये आहेत?" आजोबांनी विचारलं.

बुवा "आज मालक रुसलेत" असं पुटपुटत बाहेर पडले. जाताना कोणाच्या तरी नव्या चपला घालून गेले.

"चल, बॅग घे," मी ताईला म्हणालो. "गाडी चारची आहे."

"सकाळीच नकार कळवला मी." तिने तरीही फोन लावला. ऐकलं, "बरं" म्हणाली आणि ठेवला. "पुढच्या उमेदवाराला दिली जागा."

काकू दुधाचा पेला विसळत होत्या. नळ बंद न करताच म्हणाल्या, "ओव्हनचं मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. बुवा नसताना चहा गरम केला, तेव्हाही तेच झालं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू राहत होतीस ना."

ताई आत जाऊन बॅग घेऊन आली.

"अगं, नोकरी गेली ना? मग कुठं निघालीस?" काकूंनी विचारलं.

"शोधायला."

काकू दारापर्यंतही आल्या नाहीत.

बुवाचं सोंग उतरवायला मला एक कप पाणी पुरलं. पण सोयीचं खोटं ज्याने उराशी धरलंय, त्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही. म्हणून एवढंच सांगतो: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी जागचं एक यंत्र हलवून बघा. आणि त्या चमत्काराने घरातल्या कोणाचा फायदा होतोय, तेही बघा. बुवा सापडला म्हणून तिथेच थांबू नका.