धूर कोण धरणार?

जीपच्या सायलेन्सरच्या तोंडाशी काजळीचा थर साडेतीन मिलिमीटर जाड होता आणि त्यात अरविंदच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. ठसा ताजा होता. अरविंद फेब्रुवारीत काजळी होऊन संपला होता आणि आता मे उजाडला होता.

हेमलताने पट्टी पुसून पर्समध्ये ठेवली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा गेला तरी मोजायची सवय काही गेली नव्हती.

गाडी तिच्या मोठ्या दिरांची, जयसिंगभाऊजींची. डिझेलची, वडापची. दहा माणसांच्या परवान्यावर अठरा माणसं कोंबून ती वर्षभर घाट चढायची आणि वर्षातून एकदा पासिंगला जायची. डिझेलची गाडी पासिंगला न्यायची तर तिचा धूर कोणीतरी धरावा लागतो, हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. तपासणीच्या मैदानावर साहेब मालकाला विचारतात, ‘धूर कोण धरणार?’ मालकाने एका माणसाचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्याचं तोंड उघडतं आणि गाडीचा वर्षभराचा धूर त्याच्यात जातो. तोंड मिटणं त्याच्या हातात नसतं. मग यंत्राला निवळ हवा मिळते, गाडी पास होते. मालक तीन हाकांना गप्प राहिला, तर तोंड त्याचं स्वतःचं उघडतं आणि गाडी त्याला कायमचं पोटात घेते.

भाऊजी कधी गप्प राहिले नव्हते. नऊ वर्षं त्यांनी धाकट्या भावाचं नाव खणखणीत आवाजात घेतलं होतं.

पासिंगहून अरविंद घरी आला की हेमलता काचेची बाटली त्याच्या ओठांना लावायची आणि तो धूर सोडायचा. पहिल्या वर्षीची बाटली तव्यासारखी काळी झाली. दुसऱ्या वर्षीची जरा कमी. नवव्या वर्षीच्या बाटलीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं.

"बघ, यंदा धूर कमीच होता," अरविंद म्हणाला होता.

धूर कमी नव्हता. गेलेली वस्तू कुठेतरी जाऊन बसलेली असते, हे हेमलता दरवर्षी साठ मुलांना शिकवत होती. अरविंदच्या उशीवर करडा डाग पडू लागला. मग त्याची सावली फरशीला चिकटू लागली, ती पुसायला सोडा लागायचा. ‘पुढच्या वर्षी दादाला सांगतो,’ तो म्हणायचा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पलंगाच्या डाव्या बाजूला कुशीवर झोपलेल्या माणसाच्या आकाराची काजळी होती. तिने ती प्रयोगशाळेतल्या तराजूच्या मऊ ब्रशने गोळा केली. तीनशे बारा ग्रॅम भरली. ती तिने फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवली.

आपण सांगायला हवं होतं, हे तिच्या मनात नऊ वर्षं होतं. पण त्या घरात धाकट्याच्या बायकोने मोठ्या दिरासमोर बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर घ्यायचंच नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. कॉलेजात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहायचा. सकाळी चपला घातल्या की परत यायचा.

पासिंगची तारीख आली तसं भाऊजींनी तिला घराच्या पुढच्या सोप्यात बोलावलं. थोरल्या जाऊबाई शालनवहिनी मध्ये बसल्या होत्या.

"तिला सांग," भाऊजी बायकोला म्हणाले, "धूर धरणारा संपला की त्या मालकाच्या नावावर गाडी पास होत नाही. नियमच आहे तसा."

"नियम आहे म्हणे," शालनवहिनी म्हणाल्या. हेमलता दोन हात अंतरावर उभी होती.

"म्हणून गाडी तिच्या नावावर केलीय. अरविंदची आठवण म्हणून. बुधवारी पासिंग. मी नेईन गाडी, तिनं नुसतं शेजारी बसायचं."

"आठवण म्हणून गं."

"मैदानात मालकाला बोलावं लागतं, हे तिला माहीत असेलच. म्हणजे, बोलायचं असेल तर." भाऊजी हसले. "एकवीस वर्षांत तिचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही. लोकांच्या घरात बघ कशा वचवच करतात. आपलं नशीब चांगलं."

शालनवहिनी फरशीकडे बघत होत्या. "रेवती माझ्याकडे राहील," त्या हळू म्हणाल्या. "बारावीचं वर्ष आहे तिचं. डबा देईन मी. तू काळजी करू नकोस."

हेमलताने हिशोब मांडला. लेकीच्या डब्याचंसुद्धा ठरून गेलं होतं. ती शालनवहिनींच्या कानाशी वाकली.

"गाडीची तयारी मी करून घेईन म्हणते," शालनवहिनींनी सांगितलं.

"बघ," भाऊजी म्हणाले. "शिकलेली बाई. उगाच नाही म्हणत."

इस्माईल मिस्त्रींच्या गॅरेजात तिने दोन दिवस घालवले. ऑइल बदललं, नोझल साफ करून घेतले, ब्रेक आवळले, वायपरचं रबर नवं घातलं. मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी चिकटवली. मिस्त्रींनी गुळगुळीत टायर काढून त्या जागी नक्षीदार टायर चढवले.

"हे पासिंगचे टायर, ताई. वर्षभर भिंतीला टेकून असतात. नवरदेवाच्या उसन्या कोटासारखे. बोहल्यावर घालायचे, वरात संपली की परत."

"गाडीच्या मूळच्या वस्तू किती राहिल्या?"

"धूर," मिस्त्री म्हणाले. "तेवढा मूळचा."

तिने पिशवीतून नऊ बाटल्या काढल्या आणि बॉनेटवर वर्षाच्या क्रमाने मांडल्या. एअर फिल्टरचं झाकण उघडून तिने पहिली बाटली आत उपडी केली. धूर सावकाश, मधासारखा उतरला. मिस्त्रींनी रेडिओ बंद केला.

"लोक धूर कमी करायला येतात माझ्याकडे."

"ह्याच गाडीचा आहे. परत करतेय."

"एका माणसात मावेल एवढा?"

"मावला होता. पण त्याला नऊ वर्षं दिली होती." तिने दुसरी बाटली उपडी केली. "यंदा तेवढा वेळ नाही."

नववी बाटली तिने धरून ठेवली, दिसत काहीच नव्हतं तरी पूर्ण एक मिनिट. सायलेन्सर पुसायला मिस्त्री फडकं घेऊन निघाले, तेव्हा तिने त्यांना थांबवलं. ठसा राहू दे म्हणाली.

"आणि ही बरणी?"

"ही माझ्याबरोबर येईल."

मिस्त्रींनी पान्याने हात खाजवला. "तुम्ही मालकीण आता. तीनदा गप्प बसलात तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"सगळे नट आवळून झाले, ताई. आता तेवढी जीभ ढिली करा."

तिने प्रयत्न केला होता. प्रयोगशाळेत दार लावून ते नाव उच्चारून पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही, आणि समोरच्या चंचुपात्राच्या काचेवर गोल काळा डाग उमटला. तिने डागाचा व्यास मोजला. चार सेंटिमीटर. रोज प्रयत्न केला आणि डाग रोज अर्ध्या सेंटिमीटरने वाढला. बुधवारी सकाळी तो साडेसहा होता, जीपच्या सायलेन्सरच्या तोंडाएवढा.

मैदानाकडे जाताना भाऊजींनी गाडी चालवली. मध्ये बोलायला शालनवहिनी नव्हत्या, म्हणून ते डॅशबोर्डवरच्या गणपतीशी बोलत होते.

"तिला सांग, घाबरायचं नाही. अरविंद कधी घाबरला नाही."

गणपतीने सांगितलं नाही. हेमलताने मांडीवरची बरणी घट्ट धरली. चपला तिने पायांत घातल्या होत्या, तरी आवाज आला नव्हता. भाऊजी जिथे बसतील तो त्यांचा सोपाच होता.

रांग सरकली. साहेबांनी दिवे पाहिले, भोंगा ऐकला, प्रथमोपचाराची पेटी उघडून कापूस दाबून बघितला. मग यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि वही घेऊन तिच्या खिडकीशी आले.

"इंजिन चालू ठेवा. मालक तुम्ही? धूर कोण धरणार?"

हेमलताने तोंड उघडायच्या आत दार चार बोटं आत सरकलं. तिचा खांदा भाऊजींच्या खांद्यापासून वीतभर राहिला. एकवीस वर्षांत इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"लाजते ती, साहेब," भाऊजी म्हणाले. "आमच्यात पद्धत आहे तशी."

"पद्धत तुमची, वही माझी. दुसऱ्यांदा विचारतो. मालक, धूर कोण धरणार?"

छप्पर केसांना टेकलं. डॅशबोर्ड गुडघ्यांवर आला. तिच्या जबड्याचा सांधा कानाजवळ सुटू लागला आणि जिभेवर डिझेलची चव आली. भाऊजींनी गणपतीला फुंकर मारून धूळ उडवली.

"झालंच," ते त्याला म्हणाले. "येताना टायर मिस्त्रीकडे टाकू. रेवतीला आणायला पाठवतो कोणाला तरी. पोहणारी पोर आहे, छाती चांगली आहे तिची. पुढच्या वर्षीची सोय झाली."

इंजिन एकदा अडखळलं. फिल्टरमधले नऊ वर्षांचे थर आत सरकल्याचा आवाज हेमलताला ओळखू आला.

मांडीवरच्या बरणीत काजळी हलली. ती काचेच्या कडेने वर चढली आणि आतून एका जागी दाबून बसली. डावा अंगठा. हेमलताने बाहेरून आपला अंगठा त्यावर ठेवला. काच गरम होती. तिने दुसऱ्या हाताने झाकण फिरवलं, दीड वेढा.

"तिसऱ्यांदा," साहेब म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. "मालक, धूर कोण धरणार? पूर्ण नाव. मोठ्याने."

तिचे ओठ गोल होऊ लागले होते. ते तिने नावासाठी वापरले.

"जयसिंग बाबुराव भोइटे," हेमलता म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज मैदानाच्या कुंपणाला लागून परत आला. भाऊजींनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि हाकेला ओ द्यावी तसं त्यांचं तोंड उघडलं.