पाचदा दाबून येणारा ‘म’

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, बटणांचा. तुमच्या हातातल्या गुळगुळीत काचेच्या फोनांना मला पाहून हसू येत असेल, तर येऊ दे. माझा पडदा काड्यापेटीएवढा. त्याखाली बारा बटणं, आणि बहुतेक बटणांच्या पोटात चार-पाच अक्षरं दाटीवाटीनं बसलेली. ‘प’ हवा तर एकदा दाबायचं, ‘म’ हवा तर तेच बटण पाच वेळा. कारखान्यात एका बाईनं माझं एकेक बटण दाबून पाहिलं, पाचाच्या आकड्यावरचा बारीक उंचवटा अंगठ्यानं चाचपला आणि शेजारणीला म्हणाली, “हा डोळे मिटूनसुद्धा चालवता येईल गं.” माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मी आलो एका गवंड्याच्या खिशात. भिंत सरळ उभी आहे का, हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्याला ओळंबा म्हणतात. माझ्या धन्याला सगळे ‘ओळंबा’च म्हणत. एक तर त्याच्या भिंती कधी कलायच्या नाहीत, आणि दुसरं म्हणजे तो तसाच गप्प लोंबकळत उभा राहायचा. चार शब्द लागतील तिथं एकात भागवायचा. सिमेंटनं त्याच्या बोटांची टोकं खाऊन टाकली होती. कातडी कोरडी, टणक, रेघांचा पत्ता नाही. पण माझं बटण खाली गेलं की ‘टक्’ असा आवाज व्हायचा, तेवढा त्याला पुरायचा. बांबूच्या परांचीवर उभा राहून, एका हातात थापी धरून, तो दुसऱ्या हातानं न बघता लिहायचा, “वाळू संपली.” आणि लिहिताना प्रत्येक अक्षर तोंडानं पुटपुटायचा.

त्याचा थोरला भाऊ सुतार होता. भिंती धाकट्यानं उभ्या करायच्या, दारं-खिडक्या थोरल्यानं बसवायच्या. अशी कित्येक घरं दोघांनी मिळून बांधली. दादाला बोलायची भारी हौस. दोघांच्या वाटचं तो एकटाच बोलायचा.

मग तो दिवस आला. एका घराच्या खिडकीची चौकट भिंतीतल्या जागेत बसेना. वरच्या अंगाला दीड बोट अडत होती. घरमालक कंबरेवर हात ठेवून उभा. “कोणाचं चुकलं?” त्यानं विचारलं.

मी खिशात होतो. छातीचे ठोके मला ऐकू येत होते. माझा धनी म्हणाला, “दादाचं माप चुकलं.”

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा दादा त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. रंधा, करवत, पटाशा पिशवीत भरल्या आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, ओळंब्यानं ती जागा पुन्हा मोजली. त्याची स्वतःचीच दोरी सरकली होती. त्यानं भिंत तेवढी तासली, चौकट अलगद आत बसली. ज्याला सांगायला हवं होतं त्याला मात्र त्यानं काही सांगितलं नाही.

दादा वहिनीला घेऊन दुसऱ्या गावी गेला. नऊ वर्षं भावांचं बोलणं बंद. वहिनीच अधूनमधून निरोप पाठवायची, “हे बरे आहेत, भाऊजी.” हा उत्तर द्यायचा, “बरं.” आणि मग, मित्रांनो, तो दादाचा नंबर काढायचा. “दादा, मा...” असं पुटपुटत माझं बटण पाचदा दाबायचा. कधी ‘माझं’ पर्यंत जायचा, कधी पुढच्या शब्दाच्या अर्ध्यापर्यंत. मग थांबायचा. मग पुसायचा. माझ्या सगळ्या बटणांत पुसायच्या बटणावरची खूण आधी झिजली. मी काय करणार? जे लिहून पाठवाल ते मी पोचवतो. पोटातलं मला पोचवता येत नाही.

एके दिवशी लेकीनं त्याच्यापुढं नवा फोन ठेवला. “बाबा, या खडखड्याला आता आराम द्या. यावर कामाचे फोटो येतील, नकाशे मोठे करून बघता येतील.” तिनं मनापासून आणला होता, त्याला नाही म्हणवेना. मी खिडकीजवळच्या फळीवर गेलो.

पण काच त्याचं बोट मानेचना. तो टेकवायचा, काच ढिम्म. जोरात दाबायचा, तर एकाच्या जागी तीन अक्षरं. बोट थुंकीनं ओलं करून पाहिलं, करंगळीनं पाहिलं. लेक हसून म्हणाली, “अहो, सगळं लिहीत बसू नका. एक शब्द लिहिला की वर पुढचे शब्द आपोआप येतात, हवा त्यावर बोट टेकवायचं.” कामावरच्यांना “वाळू”च्या जागी “वाळा” गेलं, दिवसभर चेष्टा झाली. त्यानं लिहिणंच कमी केलं. आधीच एका शब्दाचा माणूस, तो अर्ध्यावर आला.

त्याच सुमारास वहिनीचा निरोप आला. लेकीनं वाचून दाखवला. “यांना आताशा बरं नसतं. तुमचं नाव काढत नाहीत, पण फोन वाजला की आधी विचारतात, कोणाचा.”

त्या संध्याकाळी घरात कोणी नसताना तो खिडकीशी बसला. मी फळीवरून त्याचं पुटपुटणं ऐकत होतो. “दा...दा.” बोट सदऱ्याला पुसलं. “माझं.” मग “चुकलं.” आणि पुसायचा विचार मनात यायच्या आत त्यानं पाठवून दिलं, फोन पालथा घातला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. मला वाटलं, सुटला बिचारा!

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. वहिनीचे निरोपही थांबले. तो दर थोड्या वेळानं फोन उलटा करून बघायचा. पुढं बघेनासा झाला. एकदा जेवताना आपणहून म्हणाला, “माणसानं इतकंही ताठ असू नये.” कोणाबद्दल, ते लेकीला कळलं नाही. मला कळलं.

सात महिन्यांनी लेक त्याच्या फोनवरची अक्षरं मोठी करून देत होती. एकदम थांबली.

“बाबा, मोठ्या काकांना तुम्ही हे काय लिहिलंय? ‘दादा, तुझं चुकलं’?”

“तुझं नाही. माझं.”

“इथं ‘तुझं’ आहे, बाबा.”

काचेवर ‘दादा’च्या पुढं ‘माझं’ आणि ‘तुझं’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आले होते, आणि त्याच्या जाड बोटाखाली दोन्ही झाकले गेले होते. त्यानं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मग लेकीलाच वहिनीला फोन लावायला सांगितला.

“वहिनी, तो निरोप... मला ‘माझं’ लिहायचं होतं.”

लेकीनं फोनचा आवाज मोठा केला. मग वहिनी म्हणाली, “भाऊजी, त्यांनी तो वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘अजून तेच म्हणतोय.’ एवढंच. पुन्हा विषय नाही काढला.”

“द्या त्यांना. मी बोलतो.”

“दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला त्यांना. वाचा गेली. तुम्हाला कळवायचं तरी कोणत्या तोंडानं, सांगा.”

त्यानं त्या काचेतून कार्ड काढून माझ्यात घातलं, घटकाभर मला चार्जिंगला लावलं आणि निघाला. गाडीतून वहिनीला लिहिलं, “निघालो.” नीट पोचलं.

दादा खिडकीजवळच्या खाटेवर होता. दाढी वाढलेली, उजवं अंग निकामी. कोपऱ्यात त्याची हत्यारं तेल लावून ठेवलेली. माझा धनी खाटेच्या कडेला टेकला आणि बोलू लागला. आजवर मी त्याला कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. दोरी कशी सरकली, भिंत किती तासली, चौकट कशी अलगद बसली, सगळं. “तुझं माप बरोबर होतं, दादा. माझं चुकलं. तेव्हाही आणि त्या निरोपातही.”

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

“झोपले वाटतं,” वहिनी हळूच म्हणाली. “कितपत कळतं त्यांना, डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत.”

आता तो दर रविवारी जातो. खाटेशी बसून आठवड्याभरात बांधलेल्या भिंतींबद्दल बोलतो, दोघांच्या वाटचं. “भाऊजी आले की हे दोन घास जास्त खातात,” असं वहिनी म्हणते. खरंच खातात की तिचा चांगुलपणा, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, काचेला दोष द्यायला मी बसलेलो नाही, आणि मला जपून ठेवा असंही सांगणार नाही. माझ्याकडे तर नऊ वर्षं होती, आणि ‘म’ बिनचूक उमटत होता. पण कोणाला ‘माझं चुकलं’ म्हणायचं असेल, तर ते बटणांवर सोपवू नका आणि काचेवरही नका. त्याच्या घरी जा. आणि त्याला उलटून दोन शब्द सुनावता येतायत, तोवर जा.